आयपीओ दिवाळीनंतर येऊन राह्यला

सर्वांत आधी पैसा लागतो, आणि तो कापसाचा नसावा. कापसाचा पैसा घरी येईस्तोवर कृषी केंद्रवाल्याचा नि सोसायटीचा झालेला असतो. समृद्धी महामार्गात वावर गेलं असेल, तर मात्र तुमच्यासारखा भाग्यवान नाही. मोबदल्यातला बराचसा ट्रॅक्टर, पोरीचं लग्न आणि भावकीची कोर्टकचेरी यांत गेलाच असेल. उरलेला बँकेत एफडी होऊन पडला आहे. एवढ्याशा व्याजावर पैसा पडू देणं किती लाजिरवाणं आहे, हे सांगायला लवकरच कोणीतरी येईल. त्याची वाट पाहा.

येणारा ओळखीचाच असावा. बायकोच्या भावाचा मित्र असेल तर फारच छान. तो आधी विमे काढायचा, मधात एनए न झालेले प्लॉट विकायचा, आता ‘प्री-आयपीओ’ करतो, म्हणजे शेअर बाजारात अजून न आलेल्या कंपन्यांचे शेअर आधीच विकतो. ओसरीत बाजेवर बसून तो आपला मोबाइल तुमच्या हातात देईल. पीडीएफमध्ये आधी काचेची इमारत येते, मग लॅपटॉपभोवती हसणारी चार माणसं, मग डावीकडून उजवीकडे चढत गेलेले निळे खांब. शेवटच्या तीन खांबांखाली बारीक अक्षरात ‘प्रोजेक्टेड’ लिहिलेलं असतं. चष्मा आत राहिला असेल तर आणायला उठू नका.

कंपनी हिंजवडीतली, सॉफ्टवेअर करते. कसलं, असं विचारलंत तर ‘एआय’ म्हणेल. तेवढ्यावर समाधान माना. खरा धोका स्वयंपाकघरातून येतो.

“एवढा सोन्यासारखा शेअर हाय, तं विकून काऊन राह्यले बापा?”

“ताई, तुम्ही चिंताच नका करू. आयपीओ दिवाळीनंतर येऊन राह्यला. मंग भेटनच नाही.”

कोणत्या दिवाळीनंतर, हे विचारणं पाहुण्याचा अपमान आहे.

बाईचा प्रश्न मात्र तिथेच दाबून टाका, कारण त्याला उत्तर आहे. असे शेअर बहुतेक वेळा येतात ते कंपनीत राबणाऱ्या पोरांकडून, ज्यांना ते पगाराच्या जोडीला ईसॉप म्हणून मिळालेले असतात; नाहीतर सुरुवातीला पैसे टाकून बसलेल्या जुन्या गुंतवणूकदारांकडून. ग्राहक किती टिकतात, किती पळतात, दर महिन्याला किती पैसा जळतो, हे त्यांनी आतून पाहिलेलं असतं. असा माणूस विकतो, मधात दलाल आपला भाव चढवतो, आणि घेतो कोण, तर ज्याने त्या कंपनीची इमारतसुद्धा मोबाइलवरच पाहिली. सोयाबीन बाजार समितीत नेलं की व्यापारी मूठभर दाणे यंत्रात टाकतो आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर दिसला की भाव पाडतो. इथे माल घेणारे तुम्ही आहात. पण तुम्ही मोठ्या मनाचे, यंत्र काढू नका.

यंत्र आहे, हीच तर पंचाईत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर १०० रुपये भरले की त्या कंपनीने दाखल केलेले ताळेबंद पाहायला मिळतात. पण १०० रुपयांत तर्री-पोहे होतात, ते खा. तसंच नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आहे का, हेही पाहू नका. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे अशा कंपनीत कर्मचारी सोडून २०० च्या वर भागधारक चालत नाहीत, शेअर हस्तांतरित करण्यावर बंधनं असतात, आणि लोकांना ‘या, शेअर घ्या’ म्हणून बोलवायला तिला मनाई आहे. तुम्हाला ज्या व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं, तिथली माणसं मोजत बसाल तर उगाच मन खट्टू होईल.

अमळनेरची गोष्ट तो सांगेलच. विप्रोचे शेअर पिढ्यान् पिढ्या जपणारी तिथली माणसं कोट्यधीश झाली. गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती फार उपयोगी पडते. १९४५ मध्ये निघालेली ती वनस्पती तुपाची कंपनी होती, कारखाना गावातच होता, आणि पुढच्याच वर्षी तिचे शेअर सगळ्यांसाठी बाजारात आले. संगणक आला तो तीसेक वर्षं उलटून गेल्यावर. इन्फोसिसचंही तेच. १९९३ चा इश्यू ९५ रुपयांना सर्वांना खुला होता आणि तो पुरता भरलासुद्धा नाही. दोन्हीकडे पुढचं दार सताड उघडं होतं. आपल्याला मात्र मागच्या दारानेच जायचं आहे, आणि तेही जास्त पैसे देऊन.

जास्त म्हणजे किती? कर्ज देणाऱ्या एचडीबी फायनान्शियल कंपनीचे शेअर लिस्टिंगच्या, म्हणजे बाजारात नोंद होण्याच्या, आधी बाहेर बाराशेच्या आसपास घेतले जात होते. जून २०२५ मध्ये आयपीओ आला तो ७४० ला. ज्यांनी निमूटपणे वाट पाहिली त्यांना स्वस्त पडला, बिचारे. पेटीएमचा नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० ला आला, पहिल्याच दिवशी १,५६४ वर बंद झाला आणि वर्षभराने ५०० च्याही खाली गेला. लिस्टिंगच्या दिवशी विकून मोकळं होऊ, असा हिशेब तुम्ही करत असाल तर तोही सोडा. आयपीओच्या आधीच्या शेअरना साधारणपणे सहा महिने कुलूप असतं. भाव पडताना बघता येतो.

व्यवहाराची रीत सोपी आहे. पैसे आधी त्याच्या खात्यात, शेअर मागाहून तुमच्या डीमॅटमध्ये. आयपीओत अर्ज केला असता तर रक्कम तुमच्याच बँकेत अडकून राहिली असती आणि शेअर मिळाले तरच कापली गेली असती. त्यात थरार नाही. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांचे शेअर विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांपासून सांभाळा, असं बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. पण सेबी पडली मुंबईत, आणि साळभाऊचा मित्र तुमच्या बाजेवर बसून चहा पिऊन राह्यला.

दोन वर्षं झाली की नफ्यावर साडेबारा टक्केच कर लागतो. नफ्याचं बघू, पण दोन वर्षं मात्र आरामात होतील.

मग एखाद्या खरिपाला बियाण्यासाठी पैसे लागतील आणि तुम्ही त्याला फोन कराल. तिसऱ्यांदा उचलेल. “भाऊजी, मार्केट थंडं हाय. घेणारा तुम्हीच पाहून घ्या ना.” बाजारात नोंद नसल्याने पडेल भावाने फुंकून टाकायचीही सोय नसते, घेणारा माणूसच शोधावा लागतो. असा माणूस तुमच्या नात्यात आहे. साडूचं धरणात गेलेल्या वावराचं प्रकरण नुकतंच निकाली निघालं. जाताना पीडीएफ आधीच डाउनलोड करून ठेवा, त्याच्या गावात रेंज नाही.