दानाआधी देणे

संपत्तीचा मोह वाईट, हे आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की आता त्याने मन हलत नाही. मला श्रीमंतीचे खरे ओझे दुसरीकडेच दिसते. पैसा हाताशी आला की कोणापुढे शब्द टाकावा लागत नाही, कोणाची वाट पाहावी लागत नाही. आणि स्वतःची अडचण अशी संपली की दुसऱ्याची अडचणही हळूहळू दिसेनाशी होते. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार आठ दिवस उशिरा दिला, तर मालकाच्या हिशेबात काहीच बिघडत नाही, पण तेवढ्या दिवसांत तिच्या घरी उसनवारी सुरू झालेली असते. मालकाच्या मनात दुष्टावा नसतो, तो फक्त विसरलेला असतो, आणि विसरण्याची ही मुभा त्याला पैशाने दिलेली असते. आत्म्याला जडणारा याहून मोठा आजार मला ठाऊक नाही.

धर्मपरंपरांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी चुकती करावी, अशी आज्ञा यहुदी धर्मशास्त्रात आहे. इस्लाममध्ये ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिचा अडीच टक्के भाग जकात म्हणून द्यावा लागतो, आणि तो उपकार न मानता गरिबाचा हक्क मानला जातो. जैन गृहस्थाने तर आपल्या परिग्रहाची, म्हणजे जवळ बाळगायच्या मालमत्तेची, मर्यादा आधीच ठरवून घ्यायची असते. (मला हे व्रत सर्वांत कठीण वाटते, कारण मिळकत वाढण्याआधीच ‘पुरे’ म्हणावे लागते.) या सर्वांत देणे, म्हणजे दुसऱ्याचे आपल्याकडे निघणारे, आधी येते आणि औदार्य त्यानंतर.

अमेरिकेतील पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ मध्ये लिहिले की, श्रीमंताने आपली अतिरिक्त संपत्ती समाजाची ठेव समजून वापरावी. त्यांनी अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांना पैसा दिला, आणि ते दातृत्व खोटे होते असे मी म्हणणार नाही. परंतु १८९२ मध्ये त्यांच्याच होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात मजुरीकपातीवरून संघर्ष पेटला, माणसे मारली गेली आणि कामगारांची संघटना मोडून काढण्यात आली. पुढे त्याच गावाला ग्रंथालयही मिळाले. बारा तास भट्टीसमोर राबून आलेल्या माणसाने तिथे जाऊन वाचायचे केव्हा? तिथल्या कामगारांना पडलेला हा प्रश्न आणखी पुस्तके देऊन सुटणारा नव्हता. त्यासाठी कामाचे तास कमी करावे लागले असते, आणि तेवढा नफा सोडावा लागला असता.