सराट्याच्या गोळ्या आणि सोळाशे मीटर

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडून मी पहाटे धावण्याचा आणि गोळाफेकीचा सराव करून घेतो. गेल्या महिन्यात त्यांतल्या एकाने गोखरूच्या गोळ्यांची बाटली पुढे केली आणि विचारले, "सर, यानं सोळाशेचं टायमिंग कमी होईल ना?" त्याचे वडील रोजंदारीवर जातात, बाटली बाराशे रुपयांची होती.

गोखरू म्हणजे आपल्या बांधावरचा सराटा. आयुर्वेदात त्याचा उपयोग मुख्यतः मूत्रविकारांवर सांगितला आहे, मात्र व्यायामशाळांत तो टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढवणारा म्हणून खपवला जातो. ऑस्ट्रेलियातील २२ अव्वल रग्बी लीग खेळाडूंवरील एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच आठवडे रोज ४५० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांची ताकद बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढली नाही, आणि टेस्टोस्टेरॉनही वाढले नाही.

अश्वगंधेची बाजू याहून भक्कम आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. २०१५ मध्ये भारतात ५७ पुरुषांवर झालेल्या प्रयोगात रोज ६०० मिलिग्रॅम मुळांचा अर्क आठ आठवडे घेणाऱ्यांचा बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे झोपून उचलायचे वजन, सरासरी ४६ किलोने वाढला, तर बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचा २६ किलोने. पण हे सगळे वजनाच्या व्यायामात नवखे होते, आणि नवख्याची ताकद पहिल्या दोन महिन्यांत नुसत्या सरावानेही झपाट्याने वाढते, हे त्या २६ किलोंवरूनच दिसते. दम वाढल्याचे दाखवणारे अभ्यासही आहेत, परंतु ते लहान आहेत. शिवाय अश्वगंधा घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉईडचे औषध चालू असलेल्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मला खरी धास्ती वाटते ती बाटलीत काय आहे याची. तेरा देशांतून घेतलेली ६३४ पूरक उत्पादने एका जर्मन प्रयोगशाळेने तपासली, तेव्हा त्यांतल्या ९४ मध्ये वेष्टनावर न लिहिलेली स्टेरॉइडसदृश संप्रेरके सापडली. वेष्टनावर किती विसंबावे हे त्यातून कळते. उत्तेजक चाचणीत दोष आढळला, तर 'मला ठाऊक नव्हते' एवढ्यावर खेळाडूची सुटका होत नाही.

त्या मुलाला मी आधी झोपेविषयी विचारले. तो रात्री बारापर्यंत दुकानात काम करतो आणि साडेचारला उठून उपाशीपोटी मैदानावर येतो. बाटलीचे सील शाबूत होते. ती परत करायला मी त्याच्यासोबत गेलो, आणि आता तो संध्याकाळी धावतो.