मांजर उपाशी ठेवून माणसाळत नाही

‘नवं मांजर सात दिवसांत तुमचं होईल’ हे ढकलपत्र पुन्हा फिरतंय. शेजारच्या काकूंपर्यंत ते पोचलं आणि नुकत्याच आणलेल्या बोक्याची वाटी त्यांनी उचलून ठेवली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

त्यातला पहिलाच नियम: ‘दोन दिवस उपाशी ठेवा, मग हातानं भरवा, जन्मभर विसरणार नाही.’ हे थेट जिवावर बेतणारं आहे. मांजराच्या शरीराला उपास सोसत नाही. खाणं थांबलं की अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते, यकृताला तिचा निचरा झेपत नाही आणि ती तिथेच साचत जाते. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. दोन-तीन दिवसांच्या उपासानंही तो सुरू होऊ शकतो, आणि सगळ्यात जास्त धोका गुबगुबीत मांजराला. मग मळमळ सुटते, समोर मासा ठेवला तरी ते तोंड फिरवतं, हिरड्या आणि कानाची आतली कातडी पिवळी पडते. पुढे नळीनं अन्न द्यावं लागतं, कित्येकदा आठवडेच्या आठवडे. शिवाय नव्या घरात भेदरलेलं मांजर पहिल्या दिवशी आपणहूनच कमी खातं. म्हणजे तुम्ही वाटी उचलता तेव्हा त्याचा उपास आधीच सुरू झालेला असतो.

हातून खाऊ दिला की मांजर जवळ येतं, एवढं मात्र मान्य. पण तो खाऊ पोटभर जेवणाच्या वर. वाटी आपल्यापासून सहा-सात फुटांवर ठेवायची आणि जमिनीवर, त्याच्याकडे कूस करून बसायचं. ते शांतपणे खात असेल तरच पुढच्या जेवणाला वाटी अर्धा फूट अलीकडे. खाता खाता थबकलं, कान मागे पाडले, तर वाटी परत आधीच्या जागी. वाटी गुडघ्यापाशी आली की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा उघड्या तळव्यावर. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. इथे बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: मांजर खायला वाकलं की दुसऱ्या हातानं पाठ कुरवाळायला जातात. मग ते हातालाच बिचकतं. आधी बोट नाकासमोर धरा, गाल स्वतःहून घासला तरच हनुवटीखाली दोन-तीन सेकंद खाजवा आणि थांबा. हवं असेल तर ते पुन्हा डोकं पुढे करतं. पोटाला हात नको.

‘मानगूट धरून उचला, आई तसंच उचलते.’ आई उचलते ती काही आठवड्यांच्या पिल्लांना. चार किलोचा बोका मानगुटीला लटकून गप्प होतो तो भीतीनं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंग आखडलं की लगेच खाली सोडायचं.

‘डोळ्यांत रोखून बघा.’ मांजराच्या लेखी ती धमकी आहे. उलट डोळे सावकाश मिटून सावकाश उघडा. ‘दूध पाजा’: मोठ्या मांजरांपैकी अनेकांना ते पचत नाही, जुलाब होतात. पाणी द्या.

आणि ते नेहमीचं, ‘मांजर घराचं, माणसाचं नव्हे’. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठानं 2019 मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त अभ्यास छापलाय. अनोळखी खोलीत मांजर आणि त्याचा माणूस दोन मिनिटं एकत्र, दोन मिनिटं मांजर एकटं, मग दोन मिनिटं माणूस परत. साधारण 64 टक्के पिल्लं माणूस परतल्यावर निवांत झाली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. मोठ्या मांजरांचंही प्रमाण जवळपास तेवढंच. खोली अनोळखीच होती, धीर आला तो माणसामुळे.

कुणी आधीच उपाशी ठेवलं असेल तर आत्ताच वाटी भरा. ओलं खाणं कोमट करून द्या, वासानं भूक चाळवते. मोठ्या मांजरानं 24 तास काही खाल्लं नसेल तर थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे, लहान पिल्लू असेल तर तेवढीही वाट बघू नका. सिरिंजनं घरी कोंबू नका, अन्न श्वासनलिकेत जातं.