हडपसरची लढाई कोण सांगणार?

मागच्या रविवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटला, बाजीराव मोठे की नेपोलियन. मामांनी पुण्याहून लिहिलं की थोरले बाजीराव एकही लढाई हरले नाहीत, नेपोलियन वॉटर्लूला हरला, विषय संपला.

मामा, पालखेडचा अभिमान मलाही तुमच्याइतकाच आहे. 1728 साली जड तोफा बरोबर न घेता नुसत्या घोडदळावर निजामाला मुलूखभर दमवला, पालखेडजवळ त्याचं दाणापाणी तोडलं आणि मोठी लढाई न होताच मुंगी-शेवगावचा तह. मॉन्टगोमेरीसारख्या ब्रिटिश फील्ड मार्शलनेही या मोहिमेचं कौतुक केलंय. पण नुसत्या हारजितीवर सेनापती मोजायचा हे मला पटत नाही.

मी अकरा वर्षं लंडनला राहतोय. इथे हाइड पार्क कॉर्नरला वेलिंग्टनचं, म्हणजे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या ब्रिटिश सेनापतीचं, घर आहे, आत जिन्यापाशी नेपोलियनचा संगमरवरी पुतळा, अकरा फुटांहून उंच. हरवलेल्या शत्रूला यांनी घरात असा उभा केलाय, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा पाय तिथून निघेना. आणि याच वेलिंग्टनला म्हातारपणी कोणीतरी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली, तर तो वॉटर्लू नाही, असई म्हणाला. आपल्या जालन्याकडची असई, 23 सप्टेंबर 1803. तिथे मराठ्यांशी लढताना त्याची दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जखमी झाली, कारण आपले गोलंदाज तोफा सोडून हटलेच नाहीत, तिथेच कापले गेले.

तरी हरलो. कारण शिंदे-भोसले लढत होते आणि होळकर लांब राहिले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, 25 ऑक्टोबर 1802 ला, यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, दुसरा बाजीराव वसईला पळाला, इंग्रजांशी तह करून बसला, आणि एप्रिल 1803 मध्ये हाच वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली, फौज घेऊन पुण्यात आला.

थोरल्या बाजीरावांची मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी माणसं उभी केली, राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर. नेपोलियनची पाठ वळली की त्याचे मार्शल स्पेनमध्ये एकमेकांच्या मदतीला जाईनात, इथे ही माणसं बाजीरावांच्या माघारीही लढत राहिली. पण त्यांना एकत्र बांधून ठेवणारी पक्की व्यवस्था काही झाली नाही, आणि बाजीराव गेल्यावर 62 वर्षांनी तीच दोन घराणी हडपसरच्या माळावर एकमेकांवर तोफा डागत होती, याचं मला फार वाईट वाटतं.

माझा भाचा रोज सोलापूर रोडने मगरपट्ट्याला ऑफिसला जातो. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, “हडपसरला? आपल्या?” तर मामा, शनिवारवाड्यासमोरच्या पुतळ्याला हार घालायला त्याला घेऊन जाता ना, तसं एकदा हडपसरलाही न्या, आणि कोण कोणाशी लढलं ते तिथे उभं राहून सांगा.