‘५० पैकी २१ वेळा अडकली’: एक स्टार देणाऱ्या ग्राहकाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देते. इथे टेक्सासात बंदुकीच्या ओतीव गोळ्या (शिसं साच्यात ओतून केलेल्या, काडतुसाच्या टोकाला बसतात त्या) विकायला लागल्यापासून मराठीतून बोलणी खायची ही पहिलीच वेळ.

तुमची तक्रार अशी: आमच्या २०० गोळ्या नेल्या, काडतुसं घरी भरली. ती तुमच्या १९०३ स्प्रिंगफील्ड रायफलीत झकास चालली, पण दुसरी रायफल, एम-१ गारँड, ५० पैकी २१ वेळा अडकली. म्हणजे गोळ्या एकसारख्या नाहीत. शिवाय शनिवारी दोनदा फोन केलात, कुणी उचलला नाही.

फोनचं आधी. आम्ही दोघंही गन शोला होतो आणि दुकान बंद असल्याचा निरोप मशीनवर ठेवला नव्हता. चूक आमची.

गोळ्या एकसारख्या नाहीत, हे मात्र मला मान्य नाही. त्याच घाण्यातल्या उरलेल्यांपैकी २० मी काल मोजल्या. सगळ्या ०.३१० इंच, वजनात जेमतेम दीड ग्रेनचा फरक (एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम). खरं कारण तुमच्याच फोटोत दिसतं. काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी बोल्टमध्ये (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यात) आडवी अडकली आहे आणि तिची मान काजळीने काळी झाली आहे. दाब पुरेसा असता तर मान फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीला, घट्ट चिकटली असती, धूर मागे आला नसता.

दोन्ही रायफली थर्टी-ऑट-सिक्स या एकाच मापाच्या काडतुसाच्या, पण स्प्रिंगफील्डचा बोल्ट तुम्ही हाताने ओढता. काडतूस कितीही नरम असो, तिला फरक पडत नाही. १९३६ साली अमेरिकी सैन्याने घेतलेली गारँड हे काम जळलेल्या पावडरीच्या गॅसवर आपोआप करते. गॅस घेण्याचं भोक नळीच्या पार पुढच्या टोकाशी आहे. गोळी तिथवर पोचेपर्यंत मागे पुरेसा दाब शिल्लक हवा, तरच बोल्टला मागे ओढणारा ऑपरेटिंग रॉड पूर्ण मागे जातो, पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस उचललं जातं. तुम्ही वापरलीत ती शॉटगनची फास्ट, म्हणजे झटकन जळणारी, पावडर. ती म्हणजे चुलीत घातलेला पाचोळा: भडका मोठा, पण भात शिजेपर्यंत टिकत नाही.

आता कृपा करून तीच पावडर थोडी वाढवून बघू नका. चेंबरमधला दाब झपाट्याने चढेल, भोकापाशी मात्र फारसा फरक पडणार नाही. शिवाय एवढ्या मोठ्या पुंगळीत फास्ट पावडर तळाशी चिमूटभर दिसते. चुकून दोनदा पडली तरी पुंगळीच्या वर येत नाही, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

गारँडला मध्यम गतीची पावडर लागते, ४८९५ च्या जातीची. सैन्याच्या एम-२ या थर्टी-ऑट-सिक्स काडतुसातही आयएमआर ४८९५ नावाची पावडर भरली जायची. उलट फार संथ पावडर घेतलीत तर भोकापाशी दाब जास्त होऊन ऑपरेटिंग रॉड वाकतो, आणि तो स्वस्त नाही. किती ग्रेन भरायची ते मी इथे लिहिणार नाही. छापील मॅन्युअलमध्ये त्या वजनाच्या ओतीव गोळीचा आकडा बघा, तळापासून सुरुवात करा, अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने चढा. दर वेळी क्लिपमध्ये (काडतुसं धरून रायफलीत घालायच्या पत्र्याच्या पकडीत) दोनच काडतुसं. पुंगळी पायाशी घरंगळते की जोरात फेकली जाते, आणि शेवटी क्लिप ‘टिंग’ करून उडते का, यावरून समजतं. कमाल आकड्याच्या आत चालली नाही तर गोळी-पावडरीची ती जोडी सोडून द्या. प्रायमर (पुंगळीच्या तळाची, ठोक्याने पेटणारी टोपी) तळाच्या पातळीच्या किंचित खाली बसलाच पाहिजे; गारँडची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला टेकते, आणि उंच बसलेला प्रायमर तेवढ्यानेही पेटू शकतो.

आता आमची दुसरी चूक, आणि ही फोनपेक्षा मोठी. गारँडसाठी हव्यात, असं तुम्ही काउंटरवर सांगितलं होतंत; मी मुलाला विचारलं, त्याला आठवतंय. तरी त्याने गॅस चेक (गोळीच्या तळाला बसवायची तांब्याची वाटी) नसलेल्या गोळ्या दिल्या. त्या कमी वेगासाठी आहेत. गारँड चालेल एवढ्या वेगाने मारल्या तर गरम गॅस गोळीचा तळ खातो, नळीत शिसं बसतं, गॅस सिलिंडरमध्ये (नळीच्या टोकाखालच्या, गॅस शिरतो त्या नळकांड्यात) गोळीवरच्या ग्रीसचा राडा होतो. तुम्हाला ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनीच्या, गॅस चेक बसवलेल्या गोळ्या द्यायला हव्या होत्या. डब्यावर नुसतं ‘थर्टी कॅलिबर’ लिहिलं होतं, तेही पुरेसं नव्हतं. लेबल बदलतेय.

२०० गोळ्यांचे पैसे आज परत पाठवले. उरलेल्या परत करायची गरज नाही, स्प्रिंगफील्डमध्ये संपवा. गारँडचा गॅस सिलिंडर उघडून साफ करा आणि कोरडाच ठेवा, तेल नको. गॅस चेकवाल्या १०० गोळ्या तुमच्या नावाने बाजूला काढल्या आहेत, त्यांचे पैसे नकोत. न्यायला याल तेव्हा गारँडमधल्या चार-पाच पुंगळ्या न पुसता घेऊन या.