स्पेलिंगची यादी नको, शब्दांचं कूळ द्या

'रोज दहा स्पेलिंग पाठ करून आणा' हा गृहपाठ आपल्या शाळांतून बंद व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पोस्ट लांबली आहे, पण घरात पाचवी-सातवीचं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचाच.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवते. झेडपीच्या शाळेतली पोरं येतात, पिवळ्या गाडीतून कॉन्व्हेंटला जाणारीही येतात. वह्या दोघांच्याही सारख्याच. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. नाइफ म्हणजे सुरी, खाली अंब्रेला म्हणजे छत्री, त्याखाली डॉटर म्हणजे मुलगी. एका ओळीचा दुसरीशी काही संबंध नाही. शनिवारी चाचणी झाली की सोमवारी सगळं विसरलेलं असतं. ज्याला आठवत नाही ते पोरगं मनाशी ठरवून टाकतं की इंग्रजी आपल्या नशिबातच नाही.

"ताई, के बोलाचाच नाही तं मंग लिवाचा कायले?" असं नाइफच्या स्पेलिंगमधल्या के बद्दल विचारणारं लेकरू ढ नसतं. त्या वहीतला खरा प्रश्न त्यानेच विचारलेला असतो. 'इंग्रजीत तसंच असते, पाठ कर' असं सांगून त्याला गप्प करणं हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते सातवीच्या मुलाला सहज समजतं.

के आणि एन या दोन अक्षरांनी सुरू होणारे शब्द एका पानावर लिहा. नी म्हणजे गुडघा, नील म्हणजे गुडघे टेकणे, नो म्हणजे जाणणे, नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणे, नीड म्हणजे कणीक मळणे, नाइफ म्हणजे सुरी. एकत्र आले की नी आणि नील यांचं नातं मुलं स्वतःच ओळखतात. नॉट आणि निटचंही तसंच, कारण विणणं म्हणजे गाठीला गाठ घालत जाणंच. आता मुलांना सांगा की हा के एकेकाळी इंग्रज खरोखर बोलत असत. जर्मन लोक गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, त्यानंतर स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली. बोलणं मात्र बदलत राहिलं आणि १७ व्या शतकाच्या सुमारास के तोंडातून गेला. कागदावर तो राहिला.

यापुढची गोष्ट सांगताना मला स्वतःला फार आनंद होतो. संस्कृत शिकलेला इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याने १७८६ मध्ये कोलकात्यात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात. इंग्रजी ज्या घराण्यातली आहे तेही त्याच मुळाचं असावं, असंही त्याने सुचवलं. पुढे अभ्यासकांनी ध्वनींचे नियम शोधले. मूळ भाषेतला जो ध्वनी संस्कृतात 'ज' झाला, तोच इंग्रजीच्या घराण्यात 'क' झाला. आता 'ज्ञ' हे अक्षर फोडा. ज् आणि ञ. ज्ञान, जाणणे यातला जो धातू, तोच इंग्रजी नो मध्ये आहे, आणि त्या ज् च्या जागी तो मुका के उभा आहे! गुडघ्याला संस्कृतात जानु म्हणतात. ज्या घरात रामरक्षा म्हणतात तिथल्या पोरांना 'आजानुबाहू' माहीत असतो, म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. जानु आणि नी हे एकाच घरचे. हे ऐकल्यावर तो के कोणी विसरेल का? पाठच करावा लागत नाही.

हाच गट आमच्या शिवारातही सापडतो. कपाशीवर फवारायचा पाठीवरचा पंप घ्या. त्याच्या खोक्यावर नॅपसॅक स्प्रेअर लिहिलेलं असतं आणि त्यातही सुरुवातीला के आहे. नॅपसॅक म्हणजे पाठीवर अडकवायची पिशवी, पूर्वी सैनिक तिच्यात शिदोरी नेत. बाप रोज जी वस्तू पाठीवर घेतो तिचं स्पेलिंग लेकराच्या वहीत कधी येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जी-एच चा गटही असाच बोलका आहे. नाइट म्हणजे रात्र, एट म्हणजे आठ, डॉटर म्हणजे मुलगी. तिन्हीत जी-एच आहे आणि तिन्हीत मुका आहे. पूर्वी तिथे घशातून घासून काढलेला ख असायचा, जर्मनीत रात्रीला अजूनही 'नाख्ट' म्हणतात. संस्कृतात पाहा, नक्त, अष्ट, दुहिता. इंग्रजांनी तोंडातून घालवलेल्या त्या आवाजाच्या जागी आपल्याकडे क, ष, ह अजून ऐकू येतात.

डब्ल्यू-आर चा गट मी अर्थावरून शिकवते. रिंग म्हणजे पिळणे, रिस्ट म्हणजे मनगट, रिंकल म्हणजे सुरकुती, रेंच म्हणजे पिळून फिरवायचा पाना, राँग म्हणजे चूक, पण मुळात वाकडं. सगळीकडे वळणं, पिळणं, वाकणं आहे. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन यांच्या मागेही वळण्याचंच मूळ आहे आणि अभ्यासक ही दोन्ही कुळं एकत्र नेतात. लिहिणे या अर्थाचा राइट मात्र यात बसत नाही, तो ओरखडे काढण्याच्या अर्थातून आला आहे. हेही मुलांना सांगावं. सगळंच एका नियमात कोंबलं की त्यांचा आपल्यावरचा विश्वास जातो.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं आज आईबाप झाली आहेत. त्यातले कितीतरी जण बँकेचा इंग्रजी फॉर्म समोर आला की दुसऱ्याकडे सरकवतात. शब्द त्यांनी कमी घोकले का? भरपूर घोकले. त्यांना शब्दांची ओळखच कोणी करून दिली नाही.

काही शिक्षक म्हणतात, अभ्यासक्रम पुरा करायचा की भाषांचा इतिहास सांगत बसायचं? मला त्यांची अडचण कळते. दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे असतात, वेचणीच्या दिवसांत अर्धी पोरं शेतात असतात, वरून ऑनलाइन माहिती भरायची असते. पण गट करून शिकवायला जास्त वेळ लागत नाही. पाठ्यपुस्तकातलेच शब्द घ्यायचे, फक्त त्यांची जागा बदलायची. आठवड्याला एक गट पुरतो. इतिहास दोन वाक्यांत सांगून होतो. आणि मराठी माध्यमातल्या मुलाला इथे कमीपणा येत नाही. ज्ञान आणि जानु त्याला आधीच ठाऊक असतात, त्यामुळे या पानावर तो कॉन्व्हेंटच्या पोरापेक्षा पुढेच असतो.

सुरुवात के-एन पासून करा, तो सगळ्यात सरळ आहे. मग डब्ल्यू-आर, मग जी-एच. ओ-यू-जी-एच हा गट अगदी शेवटी ठेवा, कारण टफ, कॉफ, थ्रू, दो आणि प्लाउ यांत तीच चार अक्षरं पाच तऱ्हांनी बोलली जातात आणि तिथे नियम हाताशी येत नाही. तो एकेक शब्द अर्थासकटच शिकवावा लागतो. त्यातला प्लाउ आधी घ्या. प्लाउ म्हणजे नांगर, आणि नांगर काय असतो हे आमच्या पोरांना कोणी सांगावं लागत नाही.