टाच उठतेय, साहेब

बूट चोरून पळायचं असेल तर माणूस जिना चढून वर कशाला जाईल, एवढा साधा विचार त्या दुकानात कुणालाच सुचला नाही.

ट्रेकचे बूट घ्यायला गेलो होतो. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि डोंगरात तर फुगतातच. सकाळच्या ताज्या पायाला बसलेला बूट दुपारी चावायला लागतो. मोजेही घरचे, ट्रेकला घालतो तेच लोकरीचे. दुकानातला तो पातळ मोजा घालून नंबर ठरवला की फसगत ठरलेली. शिवाय त्यात आधी कोण कोण येऊन गेलं, हा विचार वेगळाच.

विक्रेता तरुण होता आणि त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं. "हा पाण्यात चालेल का?" "व्हायब्रम आहे सर." "घोट्याशी दाबतोय." "सर, व्हायब्रम आहे." आता व्हायब्रम ही बुटांचे सोल बनवणारी कंपनी, आणि हे नाव विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या नावावरून आलं. १९३५ साली आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती गेले, त्यांची पादत्राणं त्या हवेला पुरी पडली नव्हती. त्यानंतर १९३७ मध्ये त्याने खोल खाचांचा रबरी सोल आणला. थोर माणूस. पण माझा घोटा दाबत असेल तर तो बिचारा काय करणार?

मी इनसोल, म्हणजे बुटातला सुटा आतला तळ, काढून जमिनीवर ठेवला आणि त्यावर उभा राहिलो. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि पाय कडेने बाहेर सांडता कामा नये. मग बूट हातात घेऊन वाकवला. चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर ओझं घेऊन दगडांवरून चालताना तळवा बोंबलतो. नंतर ओला टॉवेल पिळावा तसा पिळला. "सर, अजून बिल व्हायचंय," विक्रेता कळवळला.

राहिला उतार. गालिच्यावर चार पावलं टाकून कुठलाही बूट गोडच लागतो. खरं काय ते उतरताना कळतं. पाय पुढे घसरतो, बोटं पुढच्या भिंतीवर आपटतात, आणि तीन-चार तासांच्या उतरणीत नख काळं पडतं. म्हणून मी जिन्याकडे निघालो. काउंटरवरून एक भुवई उडाली आणि वॉचमन मामा माझ्या मागे लागले.

मी चढलो, ते चढले. मी उतरलो, ते उतरले, दोन पायऱ्यांचं अंतर राखून. तिसऱ्या फेरीला मामा दमले आणि मधल्या वळणावरच पहाऱ्याला उभे राहिले. मला भयंकर अपमान वाटत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, उजवी टाच उठतेय."

"किती?"

त्यांनी सुईत ओवायचा दोरा धरावा तशी चिमूट केली, मग जरा उघडली. अर्धा सेंटीमीटर तरी असेल. नवा कडक बूट किंचित उठतो, ते चालतं. पण एवढं उठलं की फोड आलाच. मला पुढून काही कळलं नव्हतं. मी पायरीवर बसलो. पाय वाकतो तिथे, जिथून नाडी अडकवायचे हुक सुरू होतात तिथे, नाडीला दोनदा पीळ देऊन आवळली, म्हणजे टाच मागे दाबून राहते आणि चवडा मोकळा. मामांनी पिळावर बोट दाबून धरलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. मामा वाकून बघतायत. एका बाईंनी त्यांना लहान मुलांचे बूट कुठे मिळतील विचारलं, तर म्हणाले, "थांबा, इथे चाचणी चालू आहे."

टाच तरी उठलीच. नाडीने पायाचा आकार बदलत नाही. त्याच नंबरात दुसऱ्या घडणीचा, टाचेशी अरुंद असा जोड मागवला. तो बसला.

"मामा, तुम्हाला यातलं एवढं कसं कळतं?"

त्यांनी स्वतःचे पाय पुढे केले. दुकानाने दिलेले काळे बूट, एक नंबर मोठे. त्यांचा नंबर शिल्लक नव्हता म्हणे. "पुढे कागद कोंबलाय. पण टाच उठतेच. बारा तास उभं राहायचं." छतापर्यंत बूट रचलेल्या दुकानात! यावर विक्रेत्याने व्हायब्रमसुद्धा म्हटलं नाही.

तसं माझंही काय फार भलं होणार आहे? या बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा. हलक्या बुटांतल्या ईव्हीए फोमपेक्षा उशिरा दबतो, पण हवेतला दमट ओलावा त्याला आतून खातो. चार-सहा वर्षं खोक्यात जपून ठेवावेत आणि पहिल्याच चढाला सोल जिभेसारखा लोंबावा. वरचं चामडं ठणठणीत! चिकटवलेला सोल बदलून द्यायला सहसा कुणी तयार नसतं. बनवल्याची तारीख विचारली तर विक्रेता खोक्याचं बूड बघत बसला.

दारात मामांनी हात आडवा केला. खोका उघडला, डावा-उजवा काढला, दोन्हींचे नंबर बिलाशी जुळवले.

"अहो मामा, मीच की!"

"हो साहेब," बिलाचा कोपरा फाडत ते हळूच म्हणाले, "पण वर कॅमेरा आहे."